देवळाच्या पुढे जाणारी गाडी

अर्जुना,

नायगावला तुमच्या चाळीत तुझी शोकसभा झाली, तेव्हा मलाही बोलायला उभं केलं होतं. "मयताचे गाववाले आणि जुने मित्र" अशी माझी ओळख करून दिली. मी उभा राहिलो, "अर्जुन फार चांगला माणूस होता" एवढं एकच वाक्य बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, याचा गळा दाटला. तुझ्या मेहुण्याने पाण्याचा पेलासुद्धा आणून दिला. पण गळा दाटला नव्हता रे. मी घाबरलो होतो. जे बोलायला हवं होतं ते ओठापर्यंत आलं होतं, आणि समोर बसलेली तुझी माणसं ते ऐकून माझ्याकडे कशी बघतील, या विचाराने मी ते परत गिळलं.

तू जाऊन आता सव्वा महिना झाला. बोलायला जमलं नाही ते लिहून काढतो आहे. लिहिताना तरी कुणी तोंडाकडे बघत नाही.

गावात आपली ओळख होती असं म्हणता येणार नाही. माझं घर देवळाजवळ, तुझं ओढ्यापलीकडच्या वाडीत. तुमच्या वाडीला तेव्हा काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. तुम्ही बौद्ध झालात तेव्हा ते नाव तुम्ही टाकून दिलंत. आपली खरी गाठ पडली ती शिवडीच्या गोदामात. मी तिथे कारकून आणि तू लॉऱ्यांचा मिस्त्री. लढाईत तू ब्रह्मदेशच्या चिखलात मिलिटरीच्या जीपा चालवल्या होत्यास, दुरुस्त केल्या होत्यास. लॉरी फाटकातून आत येतानाच तू आवाजावरून सांगायचास, हिचं काय दुखतंय.

म्हणून तर आमच्या मुंबईतल्या गावकरी मंडळाने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मी तुझं नाव सुचवलं. माझ्या हातून घडलेल्या मोजक्या बऱ्या गोष्टींपैकी ती एक.

तुला आठवतं, ते सगळं आबांच्या सुनेवरून सुरू झालं. आबा आमच्या मंडळाचे अध्यक्ष, गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, कामगारांवरचे मुकादम. त्यांची धाकटी सून गावी बाळंतपणात अडली. तिला डोलीत घालून चौघेजण तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाले. कातळाचा उघडा सडा ओलांडायच्या आधीच ती गेली. बाळही गेलं. पंधरा दिवसांनी लालबागच्या गावकऱ्यांच्या खोलीत सभा भरली आणि आबा म्हणाले, "आता डोली नको. गाडी घेऊया गावासाठी." त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच मला म्हाताऱ्यासारखा वाटला.

आबांच्या मनात एक मोठी बंद मोटार होती. खिडक्यांना पडदे, मागे आडवं झोपायला गादी. कुणाच्या तरी ओळखीने माटुंग्याला ती विकाऊ होती. मी तुला सभेला घेऊन आलो. तू दाराजवळ बसलास. आत बरीच जागा होती आणि "ये, असा पुढे ये" म्हणायचं काम चिटणिसाचं, म्हणजे माझं होतं. मी वहीत डोकं घातलं.

आबांनी विचारलं, "काय मिस्त्री, कशी काय वाटते ती मोटार?"

तू म्हणालास, "गाडी चांगली आहे आबा. पण ती मागच्या दोन चाकांवर चालते. डांबरी रस्त्यावर राणी. आपल्या सड्यावरच्या खड्ड्यांत तिचं पोट टेकेल, आणि लाल मातीच्या चढावर चाकं जागीच फिरत बसतील. जीप घ्या. चारही चाकं ओढणारी."

"जीपमधून बाळंतीण कशी नेणार? हाडं खिळखिळी होतील."

"हाडं दुखतील. पण पोचेल."

आबा मग म्हणाले, "देवळापर्यंत बैलगाडीची वाट आहेच. तीच जरा नीट करून घेऊ. देवळापर्यंत मोटार आली म्हणजे झालं."

तेव्हा तू अगदी साध्या आवाजात विचारलंस, "आणि देवळाच्या पुढे?"

देवळाच्या पुढे ओढा आहे. ओढ्यापलीकडे उभा लाल चढ, आणि चढावर तुमची वाडी. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मग कुणीतरी चहा मागवला आणि विषय बदलला. मी इतिवृत्त लिहिलं: मिस्त्रींनी जीप घेण्याची सूचना केली. तुझा प्रश्न लिहिला नाही. आबा वही वाचतील याची मला भीती वाटली.

तरीही जीप बघायला परवानगी मिळाली, कारण माटुंग्याची मोटार कुणीतरी आधीच उचलली. मग रविवार आला की आपण शिवडीला. एका व्यापाऱ्याने मिलिटरीच्या मोडीत काढलेल्या जीपा लिलावात घेऊन वखारीत लावून ठेवल्या होत्या. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. तू मला शिकवलंस. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. बॉनेट गरम असेल तर समजायचं की गिऱ्हाईक येणार म्हणून इंजिन आधीच चालू करून ठेवलंय. ही थंड असताना रुसणार. रंगाकडे बघायचंच नाही. गाडीखाली आडवं होऊन चासीवर बोट फिरवायचं, कुठे वेल्डिंगचा फुगवटा लागतो का ते बघायला. गिअरबॉक्समधलं ऑइल बोटावर घेऊन चोळायचं. चुरचुरलं तर आत दात झिजलेत. मी पांढरा सदरा घालून येतो म्हणून तू हसायचास. तिसऱ्या रविवारी मीसुद्धा गाडीखाली शिरलो.

शेवटी दोन उरल्या. एक नवाकोरा हिरवा रंग लावलेली, हूड शिवलेली, देखणी. दुसरी कुरूप. एक मडगार्ड दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, शिटा फाटलेल्या. मला पहिली हवी होती. आबांना दाखवायची होती ना.

"दोन्ही चिखलात घालून बघू," तू म्हणालास.

शिवडीच्या खाजणातला तो चिखल मी आयुष्यात विसरणार नाही. ओहोटी होती. देखणी जीप तू सरळ त्या काळ्या राडीत घातलीस. मी शेजारी. मागची चाकं अर्धी आत गेली. "आता बघ," म्हणत तू पुढची चाकं जोडणारा दांडा ओढलास. इंजिन ओरडलं, पण गाडी हलली नाही. तू पुन्हा ओढलास. मग खाली उतरलास, गुडघाभर चिखलात वाकून गाडीखाली पाहिलंस आणि मोठ्याने हसत सुटलास.

"वासू, पुढच्या चाकांना जाणारा शाफ्टच नाही रे! काढून विकलाय. नुसता दांडा ठेवलाय शोभेला."

मला हसू येईना. चिखलाच्या टोकाला पाण्याची रेघ दिसत होती आणि ती जवळ येत होती. मला पोहता येत नाही. मी मान वळवून वखारीकडे पाहिलं. ती फार लांब वाटली. मी सीटवर उभा राहिलो. तू म्हणालास, "उतरू नको, रुतशील. बस. घाबर हवा तेवढा, पण बसून घाबर." गोदीतले सहासात जण दोर घेऊन आले आणि आपल्याला ओढून काढलं तेव्हा पाणी मागच्या चाकांना लागलं होतं.

त्यानंतरही तू कुरूप जीप त्याच चिखलात घातलीस. मी काठावरून बघत होतो. तिची मागची चाकं तशीच रुतली, तू दांडा ओढलास, आणि पुढची चाकं जणू हातांनी जमीन पकडून वर येत गेली. काठावर आल्यावर तू इंजिन बंद केलंस आणि तिच्या त्या परक्या मडगार्डवर थाप मारलीस. "ही. ही थांबणार नाही."

रंगावरून आपलं भांडण झालं ते मात्र अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होतो, आबांना दाखवायच्या आधी हिला पांढरा रंग देऊ. ती मिलिटरीच्या हिरव्या रंगात होती, आणि दिवस कसले होते! संयुक्त महाराष्ट्रासाठी अख्खं गिरणगाव रस्त्यावर होतं. पोलिसांच्या गाड्या दिसल्या की चाळीचाळींतून दगड यायचे. तू म्हणालास, "रंग शेवटी. आधी ब्रेक." त्या एका बाबतीत मी बरोबर होतो, अर्जुना. तू कधी कबूल केलं नाहीस.

जीप आबांना दाखवायला लालबागला आणायची त्या दिवशी सकाळी सगळं शांत होतं. आपण निघालो तोवर परळच्या बाजूने आवाज यायला लागले. फटाक्यांसारखे, पण फटाके नव्हेत. दुकानांच्या फळ्या पडत होत्या. मी म्हटलं, "मागे फिरव." तू म्हणालास, "मागेही तेच आहे." नाक्यावर वळलो आणि समोर माणसांची भिंत. कुणीतरी ओरडलं, "पोलिसांची गाडी!" पहिला दगड बॉनेटवर बसला. दुसऱ्याने काच गेली. काचेचे तुकडे माझ्या मांडीवर पडले.

तू गाडी थांबवलीस आणि दोन्ही हात वर करून उभा राहिलास. "गाववाल्यांची गाडी आहे! आजाऱ्याला न्यायची गाडी आहे!" पुढच्या रांगेतले थबकले. कुणीतरी विचारलं, "आजाऱ्याला नेता? मग ह्याला न्या." चौघांनी एक माणूस उचलून आणला. तिशीतला असेल, कुठल्यातरी गिरणीतला विणकर. मांडीतून रक्त वाहत होतं, धोतर सगळं लाल. ती जखम कशी झाली ते कुणी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. त्याला मागे ठेवलं. तू मला म्हणालास, "वासू, मागे जा. त्याची मांडी वरून घट्ट दाबून धर. सोडू नको."

आता ते लिहितो.

मी खाली उतरलो. मागे जायला म्हणून उतरलो. तेवढ्यात पुन्हा ते आवाज झाले, खूप जवळ. माणसं पांगली. आणि मी पळालो. विचार करून पळालो नाही, पाय पळाले. एका चाळीच्या जिन्याखाली, पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसलो. तू हाक मारलीस. "वासू!" मला स्पष्ट ऐकू आलं. दुसऱ्यांदा मारलीस. मी तोंडावर हात दाबून धरला, की आपल्या तोंडून ओ निघू नये. मग जीपचा आवाज लांब गेला.

तू एका हाताने चालवलंस आणि दुसरा हात मागे करून त्याची मांडी दाबून धरलीस, हे मला नंतर इस्पितळातल्या वॉर्डबॉयने सांगितलं. वाटेत रस्त्यावर दगड आणि तुटलेल्या हातगाड्यांचा ढीग रचला होता. तू पुढची चाकं जोडलीस आणि त्यावरून गाडी चढवलीस. दुसरी कुठलीही गाडी तिथे थांबली असती. तो माणूस जगला.

चार दिवसांनी रस्ते मोकळे झाले तेव्हा तू आबांसमोर जीप उभी केलीस. शिटेवर रक्ताचा डाग होता. आबा तो बराच वेळ बघत राहिले. त्यांना सून आठवली असावी. त्यांनी विचारलं, "एकट्याने केलंस हे?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी दारापाशी उभा होतो. तू म्हणालास, "नाही आबा. वासू होता. त्याने जखम धरून ठेवली होती."

का म्हणालास रे असं? मी तुला कधी विचारलं नाही. तूही कधी बोलला नाहीस. मंडळाने जीप घेतली आणि त्या सभेत मला शाल आणि नारळ दिला. तुझे आभार मानले. तू दाराजवळ उभा राहून टाळ्या वाजवत होतास. मी ती शाल अंगावर घेतली. त्या रात्रीपासून मला ज्याची भीती वाटत आली ती दगडांची नव्हती, गोळ्यांची नव्हती. एक दिवस तू खरं सांगशील याची होती. तुझ्याशी हसूनखेळून बोलत होतो आणि आतून तुलाच घाबरत होतो. हे तुला कळलं असणार. आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस तू.

जीप तू स्वतः कोल्हापूरमार्गे घाट उतरवून गावी नेलीस. तिथे परशा नावाचा ड्रायव्हर ठेवला, त्याला महिनाभर शिकवलंस. माणसं वाचू लागली. पण गाडी देवळापाशी थांबायची. तुमच्या वाडीतलं कुणी आजारी पडलं तर त्याला डोलीत घालून ओढा उतरवून देवळापर्यंत आणायचं, मग जीप. चारही चाकं ओढणारी गाडी दोन चाकांच्या वाटेवर उभी.

तू मला म्हणालास, "ठराव लिही. गाडी गावातल्या प्रत्येक वाडीत, प्रत्येक घरापर्यंत जाईल. एवढंच."

मी म्हटलं, "हळूहळू होईल रे."

"हळूहळू म्हणजे किती वाजता?"

मी हसलो. तू हसला नाहीस. त्यानंतर वर्षभर दर भेटीत तू विचारायचास, आणि मी म्हणायचो, गणपती होऊ दे, शिमगा होऊ दे, आबांची तब्येत सुधारू दे. शेवटच्या दुखण्यात परळच्या इस्पितळात तू तापाने फणफणत होतास, तेव्हाही ओठ चाटून विचारलंस, "लिहिलास?" मी म्हटलं, "येत्या रविवारी." तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलास. रविवार उजाडायच्या आत तू गेलास.

गेल्या महिन्यात मंडळाची सभा झाली. मी ठराव लिहून नेला होता. तो वहीवर टेकवून वाचला. वाचून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री गेला बिचारा. आता कसली घाई?" दुसरा म्हणाला, "परशा तिकडे जायला तयार नाही. गावातले लोक काय म्हणतील?"

मी बसणार होतो. खरंच बसणार होतो. पण माझ्या तोंडून निघालं, "लालबागला मी गाडीत नव्हतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी सगळं सांगितलं. जिना, पिंप, तुझ्या दोन हाका. "जखम अर्जुनाने धरली होती. शाल मी घेतली," म्हटलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, आता मला हाकलतील.

"ठराव परत वाच," आबा म्हणाले.

मी वाचला.

"मंजूर लिही. एकमताने लिहू नको, खोटं होईल. पण मंजूर लिही." मग म्हणाले, "आणि ह्या खेपेला तू स्वतः जा. गाडीत बसून जा."

तुझी आई आजारी असल्याचं पत्र तुझ्या मेहुण्याकडून कळलं होतं. तू गेल्यापासून तिने अंथरूण धरलं होतं, पाय सुजले होते. मी बोटीने गावी गेलो. परशा बंदरावर घ्यायला आला. देवळापाशी येऊन त्याने सवयीने इंजिन बंद केलं. मी त्याला आबांची चिठ्ठी दाखवली. त्याने दोनदा वाचली, इंजिन सुरू केलं आणि पुढची चाकं जोडली.

ओढ्यात उतरताना जीप एवढी तिरपी झाली की मी डोळे मिटून घेतले. पाणी आत आलं. चढावर लाल माती मागे उडत होती आणि गाडी अडखळत, पण न थांबता वर चढली. वाडीतली माणसं दारात येऊन उभी होती.

तुझ्या आईला दोघींनी धरून बाहेर आणलं. तिने गाडी पाहिली आणि मागे जाऊन खाली, पत्र्यावर बसायला लागली.

"थंय नाय, आये. फुडे बस," मी म्हटलं.

"फुडे?"

"होय. फुडे."

तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि मी मागे बसलो. उतारावर गाडी कलली तशी ती म्हणाली, "माका भय वाटता रे." मी म्हटलं, "माकाय वाटता, आये." तिने मागे न बघता आपला हात मागे केला. मी तो धरला. हाडं आणि शिरा नुसत्या, आणि तापाने कढत.

ओढा ओलांडून गाडी देवळासमोर आली. पारावर माझे काका बसले होते, भाऊबंद बसले होते. परशाने वेग कमी केला. सगळ्यांनी पाहिलं, कोण पुढे बसलंय आणि तिचा हात कुणाच्या हातात आहे. काका उठून उभे राहिले. मी घाबरलो, अर्जुना. तालुका अजून तासभर लांब होता. मी हात सोडला नाही.